बंगल्याचं लुगडं

खिडकी कधीच सरळ नसते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवलीत तर माझा धंदा तुम्हाला निम्मा समजला. गवंडी ओळंब्याची शपथ घेतो, सुतार गुण्या दाखवतो आणि घरमालक दोघांच्या वतीनं छाती ठोकतो; पण गज लावून बघा, खिडकी वर रुंद निघेल नाहीतर खाली. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा घ्यायची आणि सर्वांत कमी भरेल ती खरी धरायची. उंची दोन्ही कडांना घ्यायची. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजायचं, म्हणजे चौकट किती कललेली आहे ते कळतं. मापाला कापडी फीत नको, ती ओढाल तशी वाढते. लाकडी गजच हवा. तो कुणाचं मन राखत नाही.

हे सगळं कशासाठी, तर पडद्यासाठी. दारावर झुलतो तो पडदा नव्हे. मी म्हणते तो खिडकीच्या चौकटीत नेमका बसतो, वरच्या दांडीवर गुंडाळला जातो. दोरी ओढली की वर, सोडली की खाली. त्याला आम्ही गुंडाळीचा पडदा म्हणायचो. कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा आखडतो आणि गिऱ्हाईक फुगतं. कापड जरा तिरकं कापलं गेलं तर पडदा गुत्त्यातून निघालेल्या माणसासारखा एका अंगानं चढतो.

शहापूरच्या पेठेत आमचं शिंप्याचं दुकान होतं. दौऱ्यावर येणाऱ्या गोऱ्या साहेबांसाठी खर्डीच्या बाजूला एक बंगला होता. तिथले पडदे जीर्ण झाले तेव्हा तिथला शिपाई एक पडदा नमुन्याला घेऊन आमच्याकडे आला. आमच्या यांनी तो उसवला, दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी तसाच दुसरा शिवून दिला. (यांचं नाव घ्यायचं तर उखाणा घ्यावा लागेल आणि संपादकांनी पानं मोजून दिली आहेत. तेव्हा 'हे' म्हणजे माझे यजमान, एवढं समजून घ्या.) मग साहेबाकडे आहे म्हटल्यावर ते साहेबाच्या पुढेमागे करणाऱ्यांनाही हवंसं झालं. लढाईच्या दिवसांत आमच्या भागात नव्यानं पैसा आलेली मंडळी होती. त्यांनी आधी बंगले बांधले, मग बंगल्यांना काचेच्या खिडक्या केल्या आणि मग त्या काचांतून आपण रस्त्यावरच्या लोकांना दिसतो हे त्यांच्या लक्षात आलं.

आता मापं घ्यायला कोण जाणार? यांचा एक पाय लहानपणापासून अधू. आणि पाय धड असता तरी परक्या पुरुषाला कुणी माजघराच्या आत घेतलं नसतं. तेव्हा गज माझ्या हातात आला. लोक म्हणायचे, "शिंप्याची बायको लोकांच्या खिडक्यांतून डोकावते." खरंच होतं ते. मला पैसे त्याचेच मिळत.

डोकावून काय दिसलं ते सगळं सांगितलं तर अजून काही घरांत भांडणं लागतील. मुरबाडातल्या एका वकिलांचं तेवढं सांगते. त्यांनी बोलावलं म्हणून गेले. बैठकीच्या खोलीत खिडकीच नाही! विचारलं, "माप कशाचं घेऊ?" ते म्हणाले, "ह्या भिंतीचं घ्या. साधारण खिडकीएवढं." त्यांचं म्हणणं, पडदा खाली सोडलेला असला की त्याच्यामागे खिडकी आहे की भिंत, हे पक्षकाराला काय कळणार? मी भिंतीचं माप घेतलं. पुढे एका उन्हाळ्यात एका घामाघूम पक्षकारानं वारं यावं म्हणून आपल्या हातानं पडदा वर केला, आणि त्यानंतर, मी ऐकलं, त्यानं वकील बदलला.

पण मला आज सांगायचंय ते रावजीशेठच्या बंगल्याचं.

रावजीशेठ कोळशाचे ठेकेदार. सिद्धगडाच्या अंगाला त्यांच्या भट्ट्या लागायच्या. लढाईत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, मुंबईत चुलीला कोळसा कमी पडू लागला आणि शेठचं नशीब त्या काळ्या ढिगातून उजळून निघालं. मुरबाडात बाजाराच्या रस्त्याला त्यांनी दुमजली बंगला बांधला. मला निरोप आला, "शिंपीणबाईला पाठवा, खिडक्या मोजायच्यात."

मोटार किन्हवलीवरून जायची. चढ आला की ती धापा टाकत थांबायची आणि आम्ही उतारू उतरून तिला ढकलायचो. पोचले तेव्हा माझे हात, कपाळ, लुगड्याचा काठ सगळं काळं. शेठ ओसरीवर बसले होते. मला बघून खूश झाले.

"माझ्याच कोळशावर आलीस गो!"

म्हटलं, "अर्धी कोळशावर, अर्धी पायांवर."

त्यांनी मला सगळा बंगला फिरवून दाखवला. खिडक्या दाखवायच्या सोडून ते काचाच दाखवत होते. मग कपाट उघडून कापडाचं भलंमोठं ठाण काढलं. जाड, चिवट, पांढऱ्यावर हिरवे पट्टे. मी हात लावून बघितला. ते दिवस कंट्रोलचे. कापडाच्या दुकानासमोर बाया सकाळपासून उभ्या राहायच्या आणि दुपारी हात हलवत घरी जायच्या. लुगड्याला लुगडं जोडून नेसायच्या. दोघी जावांत बाहेर जाण्याजोगं लुगडं एकच, म्हणून एक बाजाराला गेली की दुसरी घरात, अशी घरं मी शेणव्याच्या वाटेवर बघितली होती. आणि इथं हे ठाण. शेठनी ते कुठून मिळवलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अशा कापडाला गाव नसतं.

"पट्टे उभे यायला पाहिजेत," शेठ म्हणाले. "बंगला उंच दिसतो. आन् चांगली बाजू रस्त्याकडे."

"शेठ, मग घरातल्यांना उलटी बाजू दिसणार."

"घरातली माणसं घरातलीच हायत. त्यांना काय दाखवायचं?"

मी मापं घ्यायला लागले. शेवटची खोली माडीवर, सुनेची. शेठची बायको वारलेली, मुलगा मुंबईला कोळशाच्या वखारीवर, महिन्यातून एकदा यायचा. घरात बाईमाणूस म्हणून ही एकटी सून. सुमती नाव. कल्याणकडची, मराठी सातवी पास झालेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्या खोलीची खिडकी थेट बाजाराच्या रस्त्यावर. मी गज लावत होते आणि ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती.

"काकू," ती हळूच म्हणाली, "माप चुकतं का हो कधी?"

"आमचं? नाही."

"म्हणजे, एखादा पडदा खालून वीतभर तोकडा झाला, असं?"

आता मला कळलं. मी खिडकीतून खाली बघितलं. मोळ्या घेऊन आलेल्या बाया, बैलगाड्या, काकडीवाल्या, मिठाची पोती, एक पोर रडतंय, दुसरं त्याला वेडावतंय. दिवसभरात ह्या पोरीशी बोलायला एक स्वयंपाकाची म्हातारी आणि तीही बहिरी. करमणूक म्हणाल तर ही खिडकी.

"सूनबाई, पडदा तोकडा झाला तर शेठ दुसऱ्या शिंप्याकडून लांब करून आणतील," मी म्हटलं. "आणि मग तो जमिनीपर्यंत येईल."

तेवढ्यात शेठ दारात. सून पदर पुढे ओढून बाजूला झाली. शेठ म्हणाले, "ह्या पडद्याला खालून दोन खिळे मारा. वर जायला नको. बाजाराची खिडकी हाय ही."

एवढा वेळ मी जीभ आवरली होती. म्हटलं, "खिळे मारले की तो पडदा राहत नाही शेठ, भिंत होते. भिंतीला गवंडी बोलवा, शिंप्याचं काम नाही. शिवाय हे कापड धुवायला काढावं लागणार. तुमचाच कोळसा उडून बसणार त्याच्यावर."

धुण्याचा मुद्दा त्यांना पटला. खिळे मारायचे राहिले. आणि मला संधी मिळाली. पडदे लावायला गेले तेव्हा त्यांच्या देखत मी सुमतीला पडदा उतरवायचा कसा ते दाखवलं: दांडी दोन्ही आकड्यांतून अशी उचलायची, दोरी अशी सोडवायची, दांडीवरचे टाके असे उसवायचे. शेठ मान हलवत होते. घरची सून कामं शिकते आहे, त्यांना चांगलंच वाटलं.

पडदे लावून मी खाली रस्त्यावर आले तर बाजाराला आलेल्या बाया बंगल्याकडे तोंड करून उभ्या. चिमी नावाची एक ठाकर बाई मला ओळखत होती. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरून मोळी घेऊन यायची. अंगावरच्या लुगड्यात ठिगळ कुठलं आणि लुगडं कुठलं हे सांगता आलं नसतं. चोळी नव्हतीच. तिनं बंगल्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"अगो बया! घर नेसलाय!"

सगळ्या बाया हसल्या. चिमी हसली नाही. मला म्हणाली, "बाय, आमी उगड्या आन् घर नेसलाय. घराला काय लाज हाय का थंडी वाजते?"

घरी येऊन यांना सांगितलं. हे मशीन चालवत म्हणाले, "तिला म्हणायचं, कोळशाचं घर आहे, तोंड लपवतंय." यांना उत्तरं नेहमी शहापुरात सुचायची, प्रसंग मुरबाडात असायचा.

भात कापून झालं आणि पुन्हा शेठचा माणूस दारात. हा त्यांचा मुकादम, बाबू. म्हणाला, "शेठनी असशील तशी बोलावलीय. पडदे चोरीला गेले."

मोटारीत बाबूनं सगळं सांगितलं. आधी मागच्या खोलीचा पडदा नाहीसा झाला. मग कोठीच्या खोलीचा. मग माडीवरचे मागचे एकेक. शेठना वाटत होतं, धुवायला काढलेत. ते दिवसभर भट्ट्यांवर, घरी आले की समोरच्या दर्शनी खिडक्या बघायचे, त्या जागच्या जागी. मग एके दिवशी बाजारात त्यांनी एका बाईच्या अंगावर हिरव्या पट्ट्यांची चोळी बघितली. पुढच्या बाजाराला आणखी तिघींच्या. तेव्हा घरी जाऊन बघितलं तर बंगल्याची मागची बाजू नागडी.

"मग पोलिसात?" मी विचारलं.

बाबूनं माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं. "पोलिसात जाऊन सांगायचा काय? कापड आनला कुठून, ह्याच्यापासून सुरवात व्हईल."

म्हणजे चोरीच्या कापडाची चोरी. तिचा तपास शेठ स्वतःच करणार होते आणि साक्षीदार मी. कापड मी कापलेलं, शिवण आमच्या यांची. ते माझंच म्हणून ओळखायचं आणि चोर पकडून द्यायचे. शेठनी ठरवलं होतं, ज्यांच्या अंगावर ते कापड निघेल त्यांच्या घरच्या माणसांना भट्टीवरून काढायचं आणि वाड्यांवरून मोळ्या विकत घेणंही बंद करायचं. भाताचं पीक दोन-चार महिन्यांत संपायचं. पुढे त्या वाड्यांना भट्टीशिवाय दुसरं काही नव्हतं.

बाजार भरला होता. शेठ पिंपळाच्या पाराजवळ उभे, मागे बाबू आणि त्याचे दोन गडी. समोर आठ-दहा बाया रांगेत उभ्या केलेल्या. चिमी पहिली. अंगात चोळी. मापानं शिवलेली नव्हती, घरी हातानं टाचलेली, एक बाही लांब, एक आखूड. पण पट्टा तोच. आणि कडेला यांची दुहेरी टीप जशीच्या तशी. जिनं ती चोळी केली तिनं शहाणपणानं पक्की कड बगलेखाली घेतली होती. मी ती शिवण झोपेतसुद्धा ओळखली असती.

भोवती सगळा बाजार गोळा झालेला. काकडीवाल्या काकड्या सोडून आल्या होत्या.

"सांग," शेठ म्हणाले, "तुझाच कापड ना?"

चिमीनं माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती तिच्या डोळ्यांत. 'बघू या आता तू काय करतेस,' एवढंच होतं.

मी म्हटलं, "पट्ट्याचं कापड काय, कुठंही मिळतं."

"कुठंही? कंट्रोलात मिळतो असला कापड?"

"मग तुम्हाला कुठं मिळालं शेठ?"

लोकांतून कुणीतरी खोकलं. शेठचा चेहरा तांबडा झाला. "जास्ती बोलू नको. तुझी शिवण तू ओळखतेस का नाय, तेवढा सांग."

"शिवण ओळखायची तर उलटी बाजू बघावी लागते," मी म्हटलं. "तुम्ही सांगा ह्या बायांना, भर बाजारात चोळ्या उतरवा म्हणून. तुमच्या तोंडानं सांगा. मग मी बघते."

बाबूचे गडी मागे सरकले. बायांच्या मागे उभ्या असलेल्या बाप्यांपैकी दोघेतिघे पुढे आले. शेठनाही कळलं की पुढचा शब्द जपून टाकायला हवा. पण चार लोकांसमोर हटायचं कसं? ते बाबूवर ओरडले, "बघत काय रायलास? नावं लिवून घे एकेकीची! उद्यापासून ह्यांचा एक माणूस भट्टीवर दिसता कामा नये."

तेव्हा मागून आवाज आला, "मामंजी!"

सुमती. बंगल्यातून एकटी, पायी, बाजारात आलेली. लोकांनी आपोआप वाट दिली. कित्येकांनी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा. मला वाटलं आता रडेल. रडली नाही.

"त्यांनी चोरलं नाही," ती म्हणाली. "पडदे मी दिले. मागच्या दारानं, माझ्या हातानं दिले."

शेठ एवढंच म्हणाले, "तू? का?"

"ह्या बायका पाठीमागे लाकडं टाकायला येतात. वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहतात, अंगावर काही नसतं म्हणून. मी मागच्या खिडकीतून बघत होते. आपण खिडक्या झाकल्या आणि... मला तिथं बसवेना मामंजी."

आता काय होईल? शेठचा हात उठतो की काय, असं मला वाटलं. सुनेनं भर बाजारात सासऱ्याला उत्तर दिलं होतं. त्या काळी एवढ्यावरून मुलीला माहेरी नेऊन टाकत आणि परत आणत नसत. आणि शेठचा स्वभाव मला माहीत होता. हा माणूस दयेनं नमणारा नव्हता, भीतीनंही नव्हता. तो फक्त एका गोष्टीनं नमत असे: आपण रस्त्यावरून कसे दिसतो त्यानं.

मी दोन्ही हात जोडले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढला.

"धन्य आहे शेठ! एवढं वस्त्रदान केलंत, सुनेच्या हातून केलंत, आणि कुणाला कळू दिलं नाहीत! आम्हाला वाटलं चोरी झाली. नाव लिहून घेऊ नका म्हणावं बाबूला, सगळ्यांना ठाऊक आहे दाता कोण ते!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही, शेठना तर नाहीच. ते माझ्याकडे, मग लोकांकडे, मग सुनेकडे बघत राहिले. चिमीला मात्र कळलं. ती पुढे आली, शेठच्या पायाशी वाकली आणि म्हणाली, "देव भला करो शेट. कापड लई टिकाऊ हाय."

तिच्या मागून बाकीच्या बाया वाकल्या. कुठूनतरी एक झेंडूची माळ आली. भक्तीनं नाही, फुलवाल्याची त्या दिवशी विक्री झाली नव्हती म्हणून. आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं 'रावजीशेठ की जय' कोण ओरडलं असेल? बाबू मुकादम! जो मघाशी नावं लिहून घ्यायला कागद काढत होता तोच.

शेठच्या तोंडावरचा बदल मी जन्मात विसरणार नाही. राग कुठं गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी माळ नीट केली, घसा साफ केला आणि म्हणाले, "मंडळी, उजव्या हाताचा दान डाव्या हाताला कळू नये, असा आपला विचार व्हता. पण आता कळलाच हाय, तर..." आणि पुढे बराच वेळ ते आपल्या दानाबद्दल बोलले. सुमती मान खाली घालून उभी होती. तिचे खांदे हलत होते. शेजारच्या बाईला वाटलं, पोर रडतेय. मी जवळ होते म्हणून मला माहीत, ती हसत होती.

पुढच्या बाजारापासून शेठच्या दारात बाया येऊ लागल्या. "शेट, पडदा हाय का?" शेठना नाही म्हणता येईना. मागच्या खिडक्या तर रिकाम्याच होत्या. आता पुढच्याही गेल्या. पण नुकसान झालं असं समजू नका. पाहुणा आला की शेठ त्याला बोट दाखवून सांगायचे, "ती खिडकी बघा. उघडी. का, माहीत हाय?" पाहुण्यानं 'का' विचारेपर्यंत थांबायचे. आधी त्यांनी पडदे मिरवले होते, आता नसलेले पडदे मिरवू लागले.

मी एकदा मोटार पकडायच्या आधी सुमतीला भेटायला गेले. ती खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती.

"घरात शेठ काय म्हणाले?" मी विचारलं.

"घरात आठ दिवस बोलले नाहीत. लोकांत माझं कौतुक करतात. माझ्या नवऱ्यालाही तसंच पत्र घातलं." ती तांदळात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "काकू, मला एक कळलंय. ह्या घरात काही हवं असेल तर घरात मागायचं नाही. चार लोकांत मागायचं."

आणि तिनं तसंच केलं. स्वराज्य आलं, मुलींच्या शाळेचा विषय निघाला. शाळेच्या सभेला अध्यक्ष अर्थात रावजीशेठ, 'वस्त्रदाते' म्हणून. भाषणात म्हणाले, मुलींना शिकवायला बाई मिळत नाही ही केवढी खेदाची गोष्ट. बायकांच्या घोळक्यातून सुमती उठली. "मी शिकवते. मामंजींची परवानगी असेल तर." टाळ्या पडल्या. टाळ्यांतच परवानगी झाली. शेठनी हात वर करून आशीर्वाद दिला तेव्हा त्यांच्या तोंडावर, मला सांगणाऱ्यानं सांगितलं, कडू करंज चावल्यासारखा भाव होता. नवऱ्यानं मुंबईहून काही कुरकुर केली असं ऐकलं. पण बापाचा फोटो शाळेत लागलेला, मुलगा किती कुरकुरणार? पुढे कितीतरी वर्षं ती त्या शाळेत होती. माझी एक भाची तिच्या हाताखालून शिकली आणि अजून तिच्या अक्षराची नक्कल करते.

शेठना मी त्यानंतर एकदाच भेटले. कोळशाचा धंदा बसला होता, वय झालं होतं. मी दुसऱ्या कुणाच्या खिडक्या मोजायला मुरबाडात आले होते, त्यांनी मला रस्त्यावरून जाताना हाक मारली. दर्शनी खोलीत, मोठ्या खिडकीसमोर आरामखुर्चीत बसले होते. वैशाखातली दुपार उतरत होती. पश्चिमेची खिडकी, उघडी काच, आणि सगळं ऊन त्यांच्या तोंडावर. डोळे बारीक झालेले, कपाळाची कातडी भाजून सोललेली.

"शिंपीणबाई," ते कुजबुजले, "ह्या खिडकीला एक पडदा करून देशील?"

"देते की. माप घेऊ?"

"थांब." त्यांनी दाराकडे बघितलं. "रस्त्यावरून दिसता कामा नये, असा पाहिजे. लोक काय म्हणतील? ह्या खिडकीचा पडदा मी दिलेला हाय."

मी गज हातात घेऊन उभी होते. खरं सांगते, वाईट वाटलं. पण बाहेरून दिसणार नाही आणि आत ऊन येऊ देणार नाही, असा पडदा मी जन्मभरात कापलेला नव्हता. तसं मी त्यांना सांगितलं. "खुर्ची तरी बाजूला घ्या शेठ," मी म्हटलं.

"बाजूला घेतली तर दिसणार कसा मी?"

त्यांनी खांद्यावरचा पंचा ओला केला आणि डोक्यावरून तोंडावर ओढून घेतला. तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "राम राम, शेठ!" त्यांनी घाईघाईनं पंचा काढला, दोन्ही हात जोडले आणि तो माणूस दिसेनासा होईपर्यंत उन्हाकडे तोंड करून हसत राहिले.